लवणातली सतरा घरं

केतकी वाळिंबे म्हणजे हवेची मास्तरीण, असं गिरिजानगर वसाहतीत लोक गमतीनं म्हणत. माणदेशातल्या करंजओढा या तालुक्याच्या गावी, अभियांत्रिकी महाविद्यालयात ती शिकवायची आणि जमिनीलगतच्या हवेचा अभ्यास करायची. वसाहतीच्या सभेत तिचं नाव निघायचं ते फार तर गणपतीत मुलांना प्रयोग दाखवायला. २०४१ च्या ऑक्टोबरात मात्र सगळी वसाहत तिच्या दारात येऊन उभी राहिली.

कारण ओढ्यापलीकडचा माळ. गेली तीस वर्षं तो हरित पट्ट्यात होता. आता तो औद्योगिक पट्ट्यात घालायचा प्रस्ताव आला होता, आणि तिथे गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या भाजून त्यातून लिथियम, कोबाल्ट काढणारा कारखाना होणार होता. एव्हाना रस्त्यावरची बहुतेक वाहनं विजेवर धावत होती आणि दमलेल्या बॅटऱ्यांचे डोंगर गावोगाव साचले होते. असा कारखाना कुठेतरी व्हायला हवा, हे सगळ्यांना मान्य होतं. फक्त तो ओढ्यापलीकडे नको होता.

विरोध समितीचे अध्यक्ष श्रीधर कुलथे. बँकेतून निवृत्त झालेले, नीटस बोलणारे गृहस्थ. ते केतकीला म्हणाले की मोर्चे, फलक, निवेदनं हे सगळं आम्ही करू, पण नव्या नियमानं आता निकाल लागतो तो श्वास-नकाशावर, आणि तो तुमच्याशिवाय कोणाला जमणार?

हा श्वास-नकाशा म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं. रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर नारळाएवढी एकेक पेटी बसवायची. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा लेसरचा किरण निघतो, हवेतल्या धुळीवर आपटतो आणि थोडा परत येतो. धूळ जवळ येत असेल तर परतलेल्या किरणाचा रंग किंचित एका बाजूला सरकतो, लांब जात असेल तर दुसऱ्या. त्यावरून वारा कुठून कुठे आणि किती वेगानं चाललाय ते समजतं. अशा पाचपन्नास पेट्या एकमेकींशी जोडल्या की आजूबाजूच्या हवेचे दहा-दहा मीटरचे तुकडे पाडून त्यांचा हिशोब संगणकाला मांडता येतो. त्यात एक काल्पनिक धुराडं उभं करायचं आणि वर्षभराचा वारा चालवून बघायचा. कुठल्या घरातल्या माणसाच्या छातीत त्या धुराड्यातलं किती जाईल, हे घरनिहाय सांगता येतं. हे शक्य झाल्यावर सरकारनं नियमच केला. जमिनीचा वापर बदलायचा तर दहा किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक नोंदलेल्या घरासाठी श्वास-नकाशा जोडला पाहिजे.

केतकी हो म्हणाली. तिला वसाहतीची काळजी होती, पण त्याहून जास्त अण्णांची. तिचे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षं फोरमन होते. ब्रेकच्या लायनरची धूळ आणि डिझेलचा धूर खाऊन त्यांची फुप्फुसं निकामी होत आली होती. नाकात प्राणवायूची नळी, शेजारी बारीक घरघरणारं यंत्र. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आहे ती हवा टिकली तर अण्णा टिकतील.

पेट्या बसवायला नगरपालिकेनं त्यांचा लाइनमन दिला, बिरू सरगर. धनगर समाजातला, चाळिशीचा, बोलायला मोकळा माणूस. महिनाभर तो शिडीवर आणि केतकी खाली, असं काम चाललं. दुपारी तो घरच्यासारखा अण्णांजवळ बसून चहा प्यायचा. अण्णा त्याला जुन्या इंजिनांच्या गोष्टी सांगायचे आणि तो खरोखर ऐकायचा.

नकाशा झाला. गिरिजानगरच्या चारशे घरांपैकी तीनशे दहा घरांत मर्यादेपेक्षा जास्त वायू पोचत होता. कंपनीच्या सल्लागारांना हे समजताच त्यांनी दुसरी जागा पुढे केली, नऊ किलोमीटरवरचा पांढरमाळ. तिथला त्यांचा नकाशा अगदी स्वच्छ होता. बाधित घरं, शून्य. दोन्ही जागांची सुनावणी एकाच दिवशी ठेवली गेली. कुलथे खूश झाले. सगळ्यांचंच काम झालं, असं ते म्हणत होते.

सुनावणीला पाच दिवस उरले असताना बिरूनं शेवटची पेटी काढून घेतली आणि शिडीवरून उतरता उतरता विचारलं,

"ताई, पांढरमाळाच्या अंगाला आमच्या आक्काची वस्ती हाय. खरातवस्ती. सतरा घरं हैत. तिकडं काय येणार न्हाई न्हवं?"

केतकी म्हणाली, बघून सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तिनं ते बघितलं. सल्लागारांनी अर्ध्या किलोमीटरचे तुकडे धरले होते, तिनं दहा मीटरचे धरले. उंचसखलपणा उपग्रहाच्या नकाशातून घेतला. दिवसाचा वारा पूर्वेकडे जात होता, तिकडे खरंच कोणी राहत नव्हतं. पण हिवाळ्यात सूर्य मावळला की माळ तापलेल्या तव्यासारखा झपाट्यानं निवतो. त्याला चिकटलेली हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उताराला लागते. पांढरमाळाचे दोन उतार जिथे भेटतात तिथे एक खोलगट पट्टा आहे. तिकडे त्याला लवण म्हणतात. सगळी गार हवा त्या लवणात उतरत होती आणि सकाळी दहापर्यंत हलत नव्हती. धुराडं चालवल्यावर त्यातला वायूही तिच्याबरोबर उतरला. पडद्यावर लवण हळूहळू लाल होत गेलं. खरातवस्ती बरोबर त्याच्या तळाशी होती.

ती सतरा घरं गायरानात होती, त्यामुळे नोंदीत नव्हती. म्हणून सल्लागारांचं शून्य नियमानं बरोबर होतं.

हे सांगितलं तर पांढरमाळ बाद होईल, आणि कदाचित कारखाना पुन्हा ओढ्यापलीकडे येईल. कदाचित तिसरी जागा शोधतील. नक्की काय होईल हे कोणालाच सांगता आलं नसतं. केतकीला फक्त अण्णांच्या यंत्राची घरघर आठवत होती. तिनं ती फाइल पुसली नाही. तारखेसकट एका कोपऱ्यात ठेवून दिली आणि घरी गेली.

संध्याकाळी बिरू शिडी परत न्यायला आला. तिनं त्याला सांगितलं,

"दिवसाचा वारा पूर्वेला जातो बिरू. वस्ती तर पश्चिमेला आहे."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. बिरूचा चेहरा उजळला. मग बरं झालं, तो म्हणाला. वस्तीवरच्या लोकांनी पांढरमाळाविरुद्ध एक हरकत लिहून ठेवली होती, सतरा घरांच्या सह्या-अंगठ्यांसकट. उगाच सरकारी खेटे नकोत म्हणून आता ती देऊ नका असं त्यांना सांगतो, ताईंनी स्वतः बघितलंय म्हणतो, असं म्हणून तो गेला. केतकी दारात उभी होती. त्याला हाक मारायला तिच्याकडे अजून चार दिवस होते. तिनं मारली नाही.

सुनावणीत पांढरमाळावर एकही हरकत आली नाही. गिरिजानगरनं लढाई जिंकली. वसाहतीच्या सभागृहात केतकीला शाल-श्रीफळ दिलं, पेढे वाटले. मागच्या रांगेत बिरू उभा होता आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता.

त्यानंतरची तीन वर्षं केतकीनं पांढरमाळाच्या रस्त्यानं जायचं टाळलं. कारखाना सुरू झाला. धुराड्यावर गाळण्या आहेत, बहुतेक वायू अडतो, असं ती स्वतःला सांगायची. तिच्या हिशोबात गाळण्या धरलेल्याच होत्या, हेही तिला माहीत होतं. बिरू रस्त्यात भेटला की ती अण्णांच्या औषधांची घाई सांगून निघायची. त्याला वाटायचं, ताई बिचाऱ्या वडिलांच्या आजारपणानं गांजल्यात. तो तिला मदत लागली तर सांगा म्हणायचा.

२०४५ च्या जानेवारीत तो प्रयोगशाळेत आला. पिशवीतून त्यानं मेंढीचा खालचा जबडा काढून टेबलावर ठेवला. दात वेडेवाकडे झिजलेले, काही पार हिरडीपर्यंत, त्यांवर तपकिरी डाग. जनावर चार वर्षांचं होतं, पण दात बारा वर्षांच्या म्हाताऱ्या मेंढीसारखे. कळपातली निम्मी मेंढरं लंगडत होती, चरताना गुडघ्यांवर बसत होती. जनावरांचे डॉक्टर म्हणत होते की पाण्यात फ्लोराइड असेल. तेव्हा ताई, पाणी तपासून द्या.

केतकी पाण्याचे नमुने घ्यायला वस्तीवर गेली. नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं. बिरूची बहीण मायाक्का बोलायला थोडी, कामाला वाघ. तिनं केतकीला घोंगडीवर बसवलं, शेळीच्या दुधाचा चहा दिला. तिची सात वर्षांची नात आरवी खांबाआडून बघत होती. केतकी काहीतरी बोलली तशी ती हसली, आणि हसताहसता तिनं पटकन तळहात तोंडावर धरला. मायाक्कानं तो हात हलकेच खाली घेतला. पुढचे दोन नवे दात नुकते आले होते. खडूसारखे पांढुरके, आणि त्यांवर गंजासारखे आडवे पट्टे.

"दुधाचं दात पडलं न् हे आलं," मायाक्का म्हणाली. "शाळंत पोरं हसत्यात. हे जातंय का घासून?"

केतकीनं बघते म्हटलं. ते जात नाही, हे तिला ठाऊक होतं. बॅटरीतल्या क्षारात फ्लोरीन असतं. भट्टीत ते वायू होऊन निघतं, गाळणीतून सुटलेलं गार हवेबरोबर खाली उतरतं, गवतावर बसतं, चुलीजवळ वाळत टाकलेल्या शेंगांवर, मिरच्यांवर बसतं. मुलांचे दात हिरडीच्या आत घडत असताना ते पोटात गेलं की दाताचा वरचा थरच कच्चा घडतो. दात आला की तो तसाच राहतो, जन्मभर.

पाणी स्वच्छ निघालं. तिनं पाण्याबरोबर मूठभर गवतही आणलं होतं. त्यात फ्लोराइड नेहमीच्या बारापट होतं. तिनं बिरूला फोनवर पाणी चांगलं आहे एवढंच कळवलं. बाकी तपासणी चालू आहे म्हणाली. असे सहा आठवडे गेले. त्या सहा आठवड्यांत तिनं शिकवलं, पेपर तपासले, अण्णांची पथ्यं सांभाळली, आणि आरशासमोर दात घासताना रोज नजर खाली घातली.

मग वर्तमानपत्रात जाहिरात आली. कारखान्याला वाढीसाठी पांढरमाळाची आणखी जमीन औद्योगिक पट्ट्यात हवी होती. हरकती मागवल्या होत्या.

तिनं आधी अण्णांना सांगितलं. सगळं, क्रमानं, दारातल्या त्या वाक्यासकट. अण्णांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. तिचं झाल्यावर त्यांनी श्वास जुळवला.

"माझ्यासाठी केलंस असं म्हणू नकोस," ते म्हणाले. "मला विचारलं होतंस?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"विचारायचं होतंस. मी काय म्हणालो असतो कोण जाणे. पण माझं मला म्हणू द्यायचं होतंस." थोड्या वेळानं ते म्हणाले की गाडी काढ, मला वस्तीवर यायचंय.

प्रवासाचं छोटं यंत्र मांडीवर घेऊन अण्णा नऊ किलोमीटर गेले. बिरूला तिनं बोलावून घेतलं होतं. गवताचा अहवाल आणि तीन वर्षांपूर्वीच्या तारखेचा तो लाल नकाशा तिनं घोंगडीवर ठेवला, आणि सांगायला लागली. मध्येच ती थांबली, पाणी प्यायली आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, काही सुटू नये म्हणून.

बिरू नकाशाकडे बघत राहिला. तारखेवर त्यानं बोट ठेवलं. मग उठून मेंढरांच्या वाड्याकडे गेला आणि पाठ करून उभा राहिला. सह्यांचा कागद देऊ नका, असं वस्तीला त्यानं स्वतःच सांगितलं होतं.

मायाक्कानं अण्णांच्या नाकातल्या नळीकडे बघितलं.

"ह्यांच्यासाठी?"

केतकीच्या आधी अण्णाच बोलले. "हो. माझ्यासाठी."

मायाक्कानं मान हलवली. मग केतकीला विचारलं की समजल्यावर सुनावणीपर्यंत किती दिवस होते. चार, केतकी म्हणाली.

"चार दिस," मायाक्का म्हणाली. "नऊ किलोमीटर. म्या मेंढरं चारत चारत दोन दिसात जाऊन येती."

ती रडली नाही, ओरडली नाही. आरवीला हाक मारून तिनं अण्णांना पाणी द्यायला सांगितलं. केतकीला मात्र तिनं त्या दिवशी चहा विचारला नाही.

केतकीनं हरकत लिहिली. स्वतःच्या नावानं, सल्लागारांचा आणि आपला जुना असे दोन्ही नकाशे आणि गवताचे आकडे जोडून. कुलथ्यांच्या कानावर ते आल्यावर ते घरी आले. तावातावानं नाही, समजुतीनं बोलले. जुना निर्णयच चुकीच्या माहितीवर झाला असं ठरलं तर फाइल पुन्हा उघडेल, ओढ्यापलीकडची जागा पुन्हा यादीत येईल, मग तीनशे दहा घरांचं काय? गवताचा अहवाल द्या, पण तुमचा जुना नकाशा आणि तुम्हाला आधीपासून माहीत होतं हे कशाला सांगता? त्यानं त्या वस्तीला जास्त काय मिळणार आहे? केतकीला हे सगळं ओळखीचं वाटलं. अशीच समजूत तिनं स्वतःची तीन वर्षं घातली होती. ती म्हणाली, मला ते सांगायचंय. त्या दिवसापासून वसाहतीत तिच्याशी बोलणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली.

सुनावणीला यावेळी सतरा घरांतली माणसं आली होती. नगररचना अधिकारी एक तरुण बाई होत्या. त्यांनी नकाशावरची तारीख वाचून विचारलं, हा तेव्हा सादर का केला नाही?

"लपवला," केतकी म्हणाली. "आणि यांना हरकत घेऊ दिली नाही. तसंच लिहून घ्या."

ते तसंच लिहून घेतलं गेलं. महाविद्यालयानं चौकशी बसवली आणि वर्षभर तिला शिकवण्यापासून दूर ठेवलं. वाढीव जमीन कारखान्याला मिळाली नाही. कारखाना हलला मात्र नाही. हिवाळ्यात सूर्यास्तापासून सकाळी दहापर्यंत भट्टी बंद ठेवायची, गाळण्या बदलायच्या आणि खरातवस्तीची सतरा घरं नोंदीत घ्यायची, असा आदेश निघाला. गवतातलं फ्लोराइड त्या हिवाळ्यात निम्म्यावर आलं. ओढ्यापलीकडची जागाही पुन्हा यादीत आली नाही. कुलथे सांगत होते ती भीती खरी झाली नाही, हे केतकीला सगळ्यांत जड गेलं. तेव्हाच बोलले असते तरी कदाचित हेच झालं असतं.

अण्णा २०४६ च्या डिसेंबरात गेले. हवा स्वच्छ होती, फुप्फुसंच संपली होती. सकाळी साडेसहाला वसाहतीतले चारपाच जण आले, कुलथेही येऊन हात जोडून गेले. तिरडी बांधायची तर माणसं पुरेनात. एक नातेवाईक म्हणाला, गाडीतून न्यावं, स्मशानाच्या दारातून आत उचलायला तरी कोणी लागेलच.

तेवढ्यात बिरू आला. त्याच्यामागे वस्तीवरचे पाच पुरुष होते, डोक्याला पटके बांधलेले. त्यानं कोणाला काही विचारलं नाही. बांबू बघितले, सुतळी मागितली आणि कामाला लागला. अण्णांना त्यांनी वर्कशॉपच्या रस्त्यानं, खांद्यावरून नेलं.

स्मशानातून परतताना बाकीचे पुढे गेले. बिरू तिच्याबरोबर मागे राहिला. पावणेदोन वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला.

"माफ केलं म्हणून आलो न्हाई ताई. अण्णा वस्तीवर येऊन बसलं होतं, म्हणून आलो."

ती म्हणाली, मला माहीत आहे.

दोघं काही अंतर चालले. मग बिरू थांबला.

"एक सांगतो. माझा बा आसा नळी लावून बसला आसता, आन् तुमच्या ठिकाणी मी आसतो, तर बोललो आसतो का, ह्याचा मी लई इचार केला. रोज करतो. बोललो आसतो आसं छातीवर हात ठिऊन म्हणता येत न्हाई मला." त्यानं पायातली चप्पल झटकली. "आन् त्याचाच राग येतोय तुमचा. आधी मला माझं हे ठावं न्हवतं."

तो झपझप पुढे जाऊन आपल्या माणसांत मिसळला. केतकी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. उन्हं वर आली होती आणि लांब पांढरमाळाच्या दिशेला भट्टी पेटल्याची पहिली पांढरी रेघ सरळ वर चढत होती. ती कुठे झुकते आहे, हे तिनं सवयीनं बघितलं. पूर्वेला. मग ती घरी जायला वळली.